नारळ, मुलगी आणि एक लादी

मुलुंड (पूर्व)
५ जानेवारी २०२५

श्री. श्यामकांतराव टिपणीस यांस,
सप्रेम नमस्कार.

सागवानी पोळपाट, मधोमध केसभरही खोलगट नाही. शिसवी लाटणं. विळी: पातं जुन्या पॉवर हॅक्सॉच्या ब्लेडचं, खोवणीचे दाते एकेक करून कानशीने काढलेले. चकलीचा पितळी सोऱ्या, लेथवर कातलेला. मसाल्याचा डबा, सात वाट्या, हलवला तरी खडखडत नाही. ताटांची मांडणी, वेल्डिंगचा सांधा दाखवणाऱ्याला चहा पाजीन. खलबत्ता.

हे सगळं मी माझ्या हाताने केलं. मला शिकवायला कुणी बसलं नव्हतं. नववीतून शाळा सुटली, मरोळच्या कारखान्यात झाडू मारता मारता लेथ बघून शिकलो, आज तिथल्या टूलरूमचा फोरमन आहे. या वस्तू ऋतिकाच्या रुखवतासाठी होत्या. पण लग्न ठरताना तुम्ही म्हणालात, ‘नारळ आणि मुलगी, बाकी काही नको.’ त्यामुळे रुखवताचं टेबल लागलं नाही आणि वस्तू आमच्या पलंगाखाली चादरीत बांधून आहेत. तक्रार नाही, माहिती म्हणून लिहिलं.

आता मुद्द्याचं. मुलांनी कर्ज काढून पंतनगरला घर घेतलं, चांगलं केलं. पण त्या स्वयंपाकघरात आधीच्या मालकाने लाकडी छपाईची प्लास्टिकची शीट चिकटवली आहे, ती सिंकपाशी पापडासारखी फुगली आहे. ऋतिका परवा तिला अडखळून डाळीच्या कुकरसकट पडता पडता वाचली. खोली आठ फूट बाय साडेसहा. मागच्या रविवारी यावरून आपलं फोनवर जे झालं, त्यानंतर ऋतिकाने नियम केला, की दोन्ही बाबांनी लादीबद्दल फोनवर बोलायचं नाही, काय ते लिहून द्यायचं, ती रविवारी पोहोचवील. म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं असं. तिथे पार्किंगची जाड लादी बसवावी. मी नमुना आणून त्यावर कमरेच्या उंचीवरून दोन किलोचा हातोडा सोडला. हातोड्याचा दांडा निखळला, लादीला काही नाही. मी स्वतः बसवीन. मजूर लावायचा नाही, माल माझा. रुखवत राहिलं ते राहिलं, ही एक गोष्ट मुलीच्या घरात माझ्या हातची असावी एवढीच इच्छा आहे.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
चंद्रप्रकाश घाडीगावकर

---

बोरिवली (पश्चिम)
१२ जानेवारी २०२५

प्रिय चंद्रप्रकाशराव,
स. न.

पत्र मिळाले. सौ. वसुधेला वाचून दाखवले. सोऱ्याचे वर्णन तिने दोनदा वाचायला लावले.

पार्किंगच्या लादीबद्दल माझी एकच शंका आहे. मुले स्वयंपाकघरात गाडी लावणार नाहीत. मी तीन दुकानांची माहितीपत्रके आणून वाचली. छोट्या, कमी उजेडाच्या खोलीला फिकट रंगाची, खरखरीत पण फार खडबडीत नव्हे अशी मॅट लादी योग्य, असा त्यांचा सूर आहे. मला मलईच्या रंगाची पसंत आहे. वसुधा म्हणते, सांडलेले पीठ दिसणार नाही हा तिचा फायदाही आहे आणि तोटाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. मुलीकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हा माझा लग्नातला शब्द लग्नापुरता नव्हता. तेव्हा माल आमचा आणि कारागीर आमचा. आपला या विषयातला अनुभव मोठा आहे, म्हणून आपण देखरेख करावी अशी विनंती आहे. त्याबद्दल योग्य ते मानधन मी देईन. विमा कंपनीत हिशेबखात्यात बत्तीस वर्षे काढली, कुणाचे कष्ट फुकट घेण्याची सवय नाही.

विहीणबाईंनी पाठवलेल्या सोलकढीच्या आगळाची बाटली संपली. हे वसुधेने लिहायला सांगितले आहे.

आपला,
श्यामकांत टिपणीस

---

मुलुंड (पूर्व)
१९ जानेवारी २०२५

श्री. श्यामकांतराव यांस,
सप्रेम नमस्कार.

माहितीपत्रकं विकणारा लिहितो. मी परीक्षा घेतली. पाच लाद्यांचे नमुने गॅलरीत मांडले आणि प्रत्येकावर हळद, खोबरेल, आगळ आणि तापलेला तवा, असं एकेक करून पाहिलं. नंतर वरवंटा टाकला. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन गेल्या.

निकाल प्रामाणिकपणे देतो. तुमच्या मलई लादीवर डाग पडला नाही. पण दोन लाद्यांमधल्या फटीत भरलेलं सिमेंट पिवळं झालं, ते गेलं नाही. माझी पार्किंगची सगळ्यात पास झाली. मग आमची ही, सुगंधा, तिच्यावर अनवाणी चालली आणि म्हणाली, यावर बांगडा ठेवलात तर खवलं काढायची गरज नाही, आपोआप किसून निघेल. तेव्हा पार्किंगचा आग्रह मी सोडतो. यात तुमचा गाडीचा विनोद कारणीभूत नाही.

मानधनाबद्दल. मानधन भाषण करणाऱ्याला देतात, शालीबरोबर. मी बाप आहे.

(इथली दोन वाक्यं सुगंधाने खोडली. ‘बस झाला आता’ म्हणाली. ती मालवणकडची आहे, रागावली की तिकडचं बोलते.)

तुमचा कारागीर लावायचा असेल तर लावा, तुमचं घर आहे, म्हणजे मुलांचं. फक्त एक ध्यानात ठेवा. कुठलीही जमीन फोडण्याआधी तिच्यावर नाणं वाजवून बघायचं. भरीव असेल तर टणटणीत वाजते, खालून सुटली असेल तर आवाज बद्द येतो. जे टणटणीत आहे ते उगाच फोडू देऊ नका. फोडणाऱ्याला फोडायचे पैसे मिळतात.

आगळ सोबत पाठवतोय.

चंद्रप्रकाश घाडीगावकर

---

बोरिवली (पश्चिम)
२६ जानेवारी २०२५

प्रिय चंद्रप्रकाशराव,

कारागीर ठरला आहे. आठ फेब्रुवारीला, शनिवारी येऊन शीट काढील, रविवारी जुनी जमीन फोडील. मलई रंगाच्या लाद्यांची आगाऊ रक्कम दिली आहे. आपण बाप आहात हे मान्य, परंतु मीही एका मुलाचा बाप आहे आणि माझा शब्द मला पाळायचा आहे. माझ्या बाजूने विषय संपला.

आगळाबद्दल आभार.

श्यामकांत टिपणीस

---

बोरिवली (पश्चिम)
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय चंद्रप्रकाशराव,
स. न.

गेल्या रविवारी तुमचे पत्र येईल असे वाटले होते. ऋतिका नुसतीच आली. ‘बाबांनी काही दिलं नाही’ म्हणाली आणि वसुधेला भाजी निवडायला लागली. विषय संपला असे मीच लिहिले होते, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

पण आता जे घडले आहे ते तुम्हाला कळवल्याशिवाय राहवत नाही.

काल, शनिवारी, कारागिराने शीट ओढून काढली. खाली जुनी वर्तमानपत्रे, गोंदाचा थर आणि त्याखाली काळपट, ओंगळ जमीन. तो म्हणाला, ‘साहेब, सगळं कचरा आहे, उद्या फोडतो.’ मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात तुमचे नाणे आठवले. खिशात पाच रुपयांचे होते. मी पँटसकट खाली बसलो आणि वाजवायला सुरुवात केली. कारागीर हसत होता. आमचा यज्ञेश दारात उभा राहून फोटो काढत होता. चंद्रप्रकाशराव, दारापासून ओट्यापर्यंत एकेक लादी अशी वाजली की देवळात असल्यासारखे वाटले. सिंकखालची तेवढी एक बद्द.

मग वसुधेने गोंद निघतो का पाहायला ओल्या फडक्याने एक जागा पुसली. पाणी लागल्याबरोबर काळ्यातून हिरवा रंग वर आला. मोरपिशी नव्हे, शेवाळीही नव्हे. वसुधा म्हणाली, ‘अहो, ही कोटा फरशी आहे. पन्नास वर्षं झाली तरी काही होत नाही हिला.’ आपण दोघे महिनाभर टिकाऊ लादी शोधत होतो आणि मुले तिच्यावरच उभी राहून चहा करत होती.

कारागिराला मी परत पाठवले. मलई लाद्यांचे दुकान पैसे परत द्यायला तयार नव्हते. मी तिथे तासभर शांतपणे बसून राहिलो. मग तयार झाले.

आता एक गोष्ट, जी मी लग्नात सांगायला हवी होती. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात मुहूर्ताच्या तासभर आधी वरपक्षाने फ्रिज मागितला. वडील तो आणायला गेले. अक्षता पडल्या तेव्हा ते हातगाडीबरोबर रस्त्यात होते. त्या दिवशी मी ठरवले, की माझ्या घरी लग्न होईल तेव्हा मुलीच्या बापाच्या हातात काहीही असणार नाही. तो मोकळ्या हाताने मांडवात उभा राहील. तुमचे हात मोकळे ठेवले की तुम्हाला बरे वाटेल अशी माझी समजूत होती. तुमच्यासारख्या माणसाला मोकळे हात हीच शिक्षा, हे माझ्या लक्षात आले नाही.

ही जमीन घासून घोटावी लागेल असे वाटते. मला त्यातले काही कळत नाही. तुम्ही याल का? फुकट राबू देणार नाही, आणि मानधनाचा शब्द पुन्हा काढणार नाही. मग एकच वाट राहते. मीही तुमच्याबरोबर राबेन. एक माणूस वधूपक्षाचा, एक वरपक्षाचा. कुणी कुणाला काही दिले नाही.

आपला,
श्यामकांत

---

मुलुंड (पूर्व)
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्यामकांतराव,
सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. फ्रिजचं वाचून सुगंधा उठून आत गेली. मी त्याबद्दल काही लिहीत नाही, लिहायला गेलो तर चुकीचं लिहीन. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार.

त्या घरात मी दोनदा येऊन गेलो. गुण्या लावून कोपरे तपासले, पाणसळीने सपाटी तपासली, पाणी मोरीकडे जातं का ते बघितलं, आणि शीटचा कोपरा उचलून बघितला नाही. नवं करायच्या घाईत जुनं विचारायचं राहिलं. तुम्ही विचारलंत. हे मी कारखान्यातही सांगितलं.

कोट्याचा तुकडा आणून त्याचीही परीक्षा घेतली. आगळ रात्रभर ठेवलं तर डाग पडतो, खोटं सांगणार नाही. पण बारीक दगडाने घोटला की डाग निघून जातो. मलई लादीवर डाग सहसा पडत नाही, पण तिचं वरचं कातडं एकदा गेलं की गेलं. कोटा जितका जाड तितका आतपर्यंत कोटाच असतो. सिंकपाशी लिंबू सांडलं तर लगेच पुसायचं आणि ॲसिडने कधीच धुवायचं नाही, एवढं मुलांना सांगायचं.

आता कामाचं. येत्या रविवारपासून सुरू करू, सकाळी आठला. आठ म्हणजे आठ, साडेआठ नाही. जुनी पँट आणा, गुडघ्याला बांधायला मी रबराचे पट्टे केलेत, तुमचा घेर ऋतिकाकडून मागवला. आधी कोमट पाणी टाकून पत्रीने खरवडून गोंद काढायचा. मग घोटायचा जाडा दगड, मग मध्यम, मग बारीक, पाणी सोडत सोडत. मशीन आणणार नाही, त्याने कोपरे तसेच राहतात आणि शेजारी ओरडतात. आरशासारखं चमकवायचं नाही. स्वयंपाकघरात आरसा केला तर तेलाच्या थेंबावरून माणूस घसरतो. हात फिरवल्यावर मऊ लागेल आणि पाय ठेवल्यावर धरून ठेवील, तिथे थांबायचं.

एक विनंती आहे. सिंकखालची बद्द वाजणारी लादी बदलावी लागेल. तेवढा एक तुकडा, दीड फूट बाय दीड फूट, माझ्याकडून असू द्या. तुमच्या शब्दात बसत नसेल तर स्पष्ट सांगा, रागावणार नाही.

आपला,
चंद्रप्रकाश

---

बोरिवली (पश्चिम)
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय चंद्रप्रकाशराव,

रविवारपर्यंत थांबवले नाही म्हणून पोस्टाने पाठवतो.

नारळ, मुलगी आणि एक लादी. मान्य.

पावणेआठला येतो. गुडघ्याच्या घेरात दोन इंच वाढवा, ऋतिकाने सासऱ्याला बारीक दाखवले आहे.

श्यामकांत

---

पंतनगर, घाटकोपर
२३ मार्च २०२५

प्रिय बाबा आणि प्रिय बाबा,

हे पत्र दोन प्रती काढून दोघांना देतेय, म्हणजे कुणाला आधी मिळालं यावर चर्चा नको.

आज तुम्ही दोघं गेल्यावर मी आणि यज्ञेश स्वयंपाकघराच्या दारात नुसते बसून राहिलो. दिवा लावला की ती जमीन अशी दिसते, पाणी घालून ठेवलेल्या पानासारखी. यज्ञेशने तिच्यावर झोपून पाहिलं. मी पाहिलं नाही असं म्हणणार नाही.

आता तुमच्याबद्दल. इतके रविवार आम्ही बाहेरच्या खोलीत खिचडीच्या कुकरशेजारी बसून तुमचं ऐकलं, ते तुम्हाला माहीत नाही. दर पाच मिनिटांनी टिपणीस बाबा विचारणार, ‘हे असंच का?’ आणि माझे बाबा सांगणार, ‘असंच असतं.’ मग परत, ‘पण का?’ बाबा, तू घरी मला एवढे प्रश्न कधी विचारू दिले नाहीस हां. तिसऱ्या रविवारी तर तू म्हणालास, श्यामकांतराव, तुम्ही विम्याचे पैसे कुणाला दिलेत की नाही कधी? आणि टिपणीस बाबा म्हणाले, दिले, पण विचारून दिले.

आणि ते गोटीचं. आईला सांगितलं तेव्हा ती हसून हसून खाली बसली. नवी लादी बाबाने बसवली, पाणसळ ठेवून दाखवली, एकदम बरोबर, कुणी बोट ठेवायचं नाही. टिपणीस बाबांनी खिशातून गोटी काढली आणि दारापासून सोडली. गोटी घरंगळत मोरीकडे निघाली आणि नव्या लादीच्या कडेशी थांबली. ‘चंद्रप्रकाशराव, ही थांबली का?’ बाबाने बोट फिरवून बघितलं. नवीन तुकडा दोन सूत वर होता. त्याने ती लादी उचलली, खालचा माल काढला, परत बसवली. मग पहिल्यांदाच स्वतः चहा केला आणि पहिला कप टिपणीस बाबांना दिला. आयुष्यात त्याने असं केलेलं मी बघितलेलं नाही. फोरमनच्या लादीत चूक काढली तर चहा मिळतो हे आधी कळलं असतं तर मी लहानपणीच काढल्या असत्या.

नियम रद्द. फोन करा एकमेकांना, बोला हवं तेवढं. दोघंही मला आज वेगवेगळं म्हणालात, ‘पत्रच बरं आहे गं.’ तर मग पोस्टाने पाठवा, मी पोस्टमन नाही.

पुढच्या रविवारी पाडवा. स्वयंपाक इथे. पुरण दोन्ही आया मिळून घालणार आहेत, कुणाचं वेलदोड्याचं प्रमाण बरोबर यावर मी पत्रं पोहोचवणार नाही.

तुमची,
ऋतिका

---

मुलुंड (पूर्व)
६ एप्रिल २०२५

प्रिय श्यामकांतराव,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही असं काही कराल याची मला कल्पना नव्हती, आणि मला कल्पना नसणं हे वर्षातून एखाद्या वेळेला होतं.

पाडव्याच्या सकाळी सुगंधा म्हणाली, मी पुढे होते, तुम्ही मागून या, मला बोईसरवाल्या शकुमावशीकडे हार द्यायचाय. बोईसर कुठे, घाटकोपर कुठे, तेव्हाच कळायला हवं होतं. मी पंतनगरला दारात चपला काढल्या आणि आत बघितलं. ओट्यापासून दारापर्यंत, घोटलेल्या कोट्यावर, कडेने रांगोळी काढून, पोळपाट, लाटणं, विळी, सोऱ्या, डबा, मांडणी, खलबत्ता. सगळं पलंगाखालचं. विहीणबाईंनी प्रत्येकाला हळदीकुंकू लावलेलं. आणि शेवटी, माझ्या लादीवर, तुमची गोटी. मी विचारलं, ही काय, तर तुम्ही म्हणालात, ‘वरपक्षाचं रुखवत.’

मग तुम्ही एकेक वस्तू उचलून माझी ओळख करून दिलीत ती इमारतीतल्या चार बायकांनी ऐकली. सोऱ्याच्या वेळी माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं. पुरणाची वाफ असेल.

जेवायला सगळे त्याच जमिनीवर बसलो ते बरं झालं. तुमच्या पानातली कटाची आमटी सांडली आणि तुम्ही घाईने पुसायला लागलात, तेव्हा मी म्हटलं राहू दे, डाग पडला तर पुढच्या रविवारी घोटू. ते मी खरंच म्हटलं होतं. पुढच्या रविवारी मोकळा आहे. नसला डाग तरी तपासायला यायला हवं. तुम्ही खारदांड्याहून पापलेट आणता म्हणालात, विळीची धार त्याच्यावर बघू.

सुगंधा आता विचारते पलंगाखाली काय ठेवायचं. मी म्हटलं मोकळं राहू दे.

एक सांगायचं राहिलं. त्याच दिवशी निघताना जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे हर्षदभाई भेटले. जुनी घरं घेऊन दुरुस्त करून विकतात ते. बायकोने खाली बघितलेली जमीन बघायला आले होते, ऋतिकाला विचारून आत जाऊन हात फिरवून आले. म्हणाले, माझ्या तीन घरांच्या स्वयंपाकघरात अशीच कोटा आहे, करून द्या. लगेच आगाऊ पैसे द्यायला तयार. मी तारखा विचारायला लागलो होतो, खोटं कशाला सांगू. मग ते म्हणाले, ‘फक्त तुम्ही एकटे या. ते बरोबरचे साहेब नकोत, ते फार प्रश्न विचारतात असं ऐकलंय, काम लांबतं.’

मी म्हटलं, काम लांबतं पण लादी सपाट बसते. तुमची तीन घरं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

सुगंधाला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही विहीणबाईंना सांगू नका, त्या एकमेकींना सांगतील. तीन घरांचे पासष्ट हजार रुपये.

आपला,
चंद्रप्रकाश